वाईट सिनेमाची वाट

त्या मालिकेतला पाचवा भाग बघू नका, असं सगळेच सांगतात. परवा आमच्या शेजारच्या कॉलेजच्या मुलांची याच विषयावर माझ्या व्हरांड्यात बैठक बसली होती. ते जुने बॉक्सिंगचे सिनेमे हल्ली टीव्हीवर पुन्हा लागतात, आणि तेव्हा ज्यांच्या आईबापांचाही पत्ता नव्हता अशी ही मुलं पाचही भाग ओळीने बघतात आणि मग तावातावाने भांडतात. पहिला खरा, दुसरा बरा, तिसरा उगाच, चौथा सगळ्यांत भारी आणि पाचवा म्हणजे निव्वळ पाप, असा एकंदर निकाल लागला. मी कॉफीचे पेले ठेवत होते, तेव्हा एकाने विचारलं, "आजी, तुम्ही तर हे टॉकीजमध्ये बघितले असणार. तुमचा आवडता कुठला?"

मी म्हटलं, "पाचवा."

मुलं हसली. म्हातारीची जीभ घसरली असं त्यांना वाटलं असेल. मीही हसले आणि आत गेले, कारण उभ्या उभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

सिनेमातली गोष्ट तशी साधी. गिरणीतला एक गरीब पोरगा बॉक्सर होतो. पहिल्याच मोठ्या लढतीत त्याच्या ठोशाने समोरचा कोवळा मुलगा कोसळतो आणि उठत नाही, मरतो. हिरो हातातले ग्लोव्हज फेकून देतो, पुन्हा रिंगणात उतरणार नाही अशी शपथ घेतो. मग कधी आईच्या आजारपणासाठी, कधी प्रेयसीसाठी, कधी कुणाच्या तरी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ती शपथ मोडतो. आणि ऐन लढतीत, हात उगारलेला असताना, त्याला तो पडलेला मुलगा दिसतो. एखादा सोडला तर प्रत्येक भागात दिसतो. लोक त्या सिनेमांवर इतका जीव टाकत ते मला वाटतं त्यासाठीच. ठोसे कुठल्याही सिनेमात मिळतात, पण मारल्यावर ज्याला झोप लागत नाही असा हिरो तेव्हा आम्ही पाहिला नव्हता.

तो पडणारा मुलगा म्हणजे माझा धाकटा भाऊ.

आमचं घराणं बंगळुरातलं फार जुनं. पूर्वज फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, दारात कानडी, आणि भांडताना दोन्ही. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते सरकारी कचेरीत होते. मी शाळेत गणित शिकवायची. जयनगर तेव्हा नवं नवं वसत होतं, आमच्या घरापुढे रस्ता आखलेला होता पण झालेला नव्हता. भाऊ एका कारखान्यात लागला होता आणि संध्याकाळी कँटोन्मेंटात बॉक्सिंग शिकायला जायचा. घरी मात्र सांगितलं होतं की टायपिंगच्या क्लासला जातो. नाक सुजलं की सायकलवरून पडलो म्हणायचा. "टायपिंग शिकतोस की सायकल?" असं आई विचारायची, आणि तो तिच्या पाठीमागून माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचा. आईला मारामारीचा मनापासून तिटकारा होता. आमच्या गल्लीत दोन कुत्री भांडली तरी ती मध्ये पडायची.

पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल. मुंबईची एक सिनेमा कंपनी बंगळुरात आली. इथली हवा थंड, दिव्यांच्या उजेडात माणसं भोवळ येऊन पडत नाहीत, आणि कँटोन्मेंटात खरे बॉक्सर हवे तेवढे, म्हणून ते आले होते म्हणे. येलहंक्याच्या बाजूला मोकळ्या मैदानावर तंबू ठोकून आत रिंगण बांधलं होतं. भावाची निवड झाली. रविवार होता. त्याने आईला सांगितलं, "अक्काला घेऊन बनशंकरीला जातो, लिंबाचा दिवा लावायला." आई हरखून गेली. पोराला देवीची आठवण झाली! तिने स्वतः निवडून चांगली रसरशीत लिंबं पिशवीत घातली, वाती दिल्या, तुपाची वाटी दिली. राहुकाळ टळायच्या आत दिवा लागला पाहिजे, असं दोनदोनदा बजावलं. बनशंकरीची ती रीतच आहे. लिंबू चिरून पिळायचं, साल उलटी करून तिची पणती करायची आणि राहुकाळात देवीपुढे लावायची. अडलेलं काम सुटतं, हरवलेलं सापडतं.

देवी गावाच्या दक्षिणेला आणि आम्ही चाललो उत्तरेला. "मी कशाला?" असं मी विचारलं होतं. तर म्हणे, "तू असलीस म्हणजे आई संशय घेत नाही. तुझं तोंडच तसं आहे." मी रागावले, पण गेले. बॉक्सिंग मलाही बघायचं होतं.

कॅमेऱ्याच्या शेजारी मला उभं केलं. एका हातात त्याचा शर्ट आणि घड्याळ, दुसऱ्या हातात लिंबांची पिशवी. हिरो तेव्हा सडपातळ होता, नवा होता, सगळ्यांना नमस्कार करत होता. दिग्दर्शक मात्र खवीस. भाऊ पडला की म्हणायचा, "पुन्हा." पुन्हा पडला की, "पुन्हा. तू पडत नाहीस, तू झोपतो आहेस." असं दुपार कलेपर्यंत चाललं. पहिला भाग चांगला का झाला असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगीन: त्या माणसाला खोटं चालत नव्हतं. शेवटी हिरोही वैतागला असावा. त्याचा हात जरा जास्तच लांब आला आणि खरोखर बसला. भाऊ असा कोसळला की रिंगणाच्या फळ्या माझ्या पायाखालपर्यंत हादरल्या. कॅमेरा चालूच होता. तो बंद करा म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

मग तो कोपरावर रेलला. बसला. दोरीला धरून उभा राहिला, चड्डीवरची धूळ झटकली, दातांवर बसवलेलं तोंडातलं रबर काढलं आणि सरळ माझ्याकडे बघून हसला. ओठ फुटला होता. म्हणाला, "आईला सांगू नको गं."

दिग्दर्शक आनंदाने ओरडला. त्याला हवं ते मिळालं होतं.

तिथून निघून, आगगाडी पकडून, मग बस, मग चालत आम्ही बनशंकरीला पोचलो तेव्हा राहुकाळ कधीच टळला होता. देवळापुढच्या लिंबाच्या पणत्या विझून काळ्या पडल्या होत्या. त्याने तरी दिवा लावलाच. "लावला की नाही? मग खोटं कुठे बोललो?" असं वर मलाच म्हणाला. घरी सांगताना ओठाला सायकल लागली.

सिनेमा लागला आणि आमचं बिंग फुटलं. शेजारच्या बाई धावत आल्या, "अय्यो, तुमचा मुलगा पिक्चरमध्ये आहे!" आईला वाटलं गर्दीत कुठे उभा असेल. घरचे सगळे गेलो. भाऊ काही ना काही निमित्त काढत होता, पण अण्णांनी त्याला दंडाला धरून नेलं आणि आईच्या डावीकडच्या खुर्चीत बसवलं. ती लढत आली. ठोसा बसला, तो कोसळला, पंच आकडे मोजू लागला आणि आई भर थिएटरात ओरडली, "माझं बाळ!"

"अगं आई, मी इथे आहे. हे बघ. इथे आहे मी."

ती डावीकडे वळली आणि अंधारात दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपत राहिली. पडद्यावर तो मेला होता, हिरो रडत होता, आणि माझी आई आंधळ्यासारखी त्याचं नाक, कान, हनुवटी चाचपत होती. मागचे लोक हसले. तोही हसला. मी पण हसले.

घरी आल्यावर मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि मग दोघांनाही जी काही बोलणी बसली ती विचारू नका. त्यातही बॉक्सिंगपेक्षा बनशंकरीची जास्त. "देवीचं नाव सांगून खोटं बोललात. राहुकाळ टळल्यावर लावलेला दिवा तिला पोचतो होय? आणि वर मेलेलं सोंग! जिवंतपणी कुणी मरून दाखवतं का?" तो म्हणाला, "सरी, सरी, बरं बाई, चुकलं. आता उठून दाखवतो." आणि जेवणाच्या पाटावरून उडी मारून उठला. अण्णाही हसले.

पुढे तो फौजेत गेला. सॅपर्समध्ये, रस्ते आणि पूल बांधणाऱ्यांत. हिमालयात कुठे कुठे बदली व्हायची. दुसरा भाग आला तेव्हा तो तिकडेच होता. तो भाग बराच होता. लढती चांगल्या, गाणी मात्र नको तितकी. भावाचं पडणं त्यात आठवण म्हणून आलं, जसंच्या तसं. या खेपेला आईने मागच्या रांगेतल्या बायकांना वळून सांगितलं, "तो माझा मुलगा. तिकडे बर्फात रस्ते करतो." त्यांनी नुकतंच त्याला मरताना पाहिलं होतं. एकीने तर आईचा हात हातात घेतला.

मग तार आली. सकाळची वेळ, मी शाळेला निघाले होते. तारवाला मला फाटकातच भेटला. दरड कोसळली होती, काही माणसं तिच्याखाली गेली होती, त्यांत तो होता. आत आई कोथिंबीर निवडत बसलेली मला खिडकीतून दिसत होती. मी तिथे फाटकाला धरून उभी राहिले, आणि माझ्या कानात अगदी स्पष्ट आलं: आईला सांगू नको गं. मला वाटलं, खरंच सांगू नये. शाळेत निघून जावं. दिवसभर वर्गात गणितं घालावीत, संध्याकाळी यावं आणि तोपर्यंत ते खोटं झालेलं असावं. पण अण्णा बाहेर आले आणि माझा चेहरा पाहून त्यांनी तार मागितली.

देह मिळाला नाही. दर्भाचा पुतळा करून अण्णांनी विधी उरकला. आई त्या जागी आली नाही. ती स्वयंपाकघरात लिंबं चिरत बसली होती. "कशाचे दिवस करता?" ती आतूनच म्हणाली. "कुणी पाहिलंय का? पडलेला तर सगळ्या गावाने पाहिलाय. तो उठला की नाही ते कुणी पाहिलं नाही."

मी म्हटलं, "आई, मी पाहिलंय. शूटिंगला. तो उठला होता."

"तू पाहिलंस," ती म्हणाली. "मी नाही."

एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि त्यापुढे कुणाचं काही चालेना. तिच्या डोक्यात एक गाठ पक्की बसली. खोटं बोलून तो तिथे गेला, दिवा वेळ टळल्यावर लागला, आणि देवीने त्याला तसंच, पडलेलंच ठेवलं. आता ती दर शुक्रवारी राहुकाळ टळायच्या आत बनशंकरीला जायची. लिंबं घरी पिळायची, साली घेऊन जायची, आणि उरलेल्या रसाचं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, व्हायचं. वर्षानुवर्षं आमच्या घरी शुक्रवारी चित्रान्न असायचं. अण्णा मुकाट्याने जेवायचे. एकदाच म्हणाले, "स्वल्प आंबट झालंय." आई म्हणाली, "होऊ दे."

तिसरा भाग आला. वाईट होता. हिरो सुटला होता, त्याचं पोट चड्डीच्या पट्ट्यावरून डोकावत होतं. जुना दिग्दर्शक गेला होता आणि जुनी चित्रफीत उरली होती. तेव्हा कंपनीने काय केलं, तर भावाचा तो तुकडा आठवण म्हणून वापरलाच, शिवाय दुसऱ्या लढतींतही जिथे कमी पडेल तिथे चिकटवला. हिरो एका टकल्या लठ्ठ पैलवानाला ठोसा मारतो आणि पडतो माझा बारीक भाऊ. चोर सोडून संन्याशाला फाशी! थिएटरात हशा पिकला. एके ठिकाणी तर फीत उलटी लावलेली. आई माझ्या कानाशी म्हणाली, "आज डावीकडे पडला." तिच्याशिवाय कुणाच्या ते लक्षात आलं नसेल.

आणि दर वेळी, तो पडला की, ती डावीकडे वळायची. तिला ते कळत होतं की नाही मला ठाऊक नाही. मान आपोआप वळायची, हात खुर्चीच्या दांडीवर यायचा. तिथे कुणीतरी अनोळखी बसलेलं असायचं. एकदा एका गृहस्थांनी तिला शेंगा देऊ केल्या. तिने घेतल्या आणि घरी येईपर्यंत मुठीत धरून ठेवल्या. मला ती वळण्याची भीती वाटू लागली. पडद्यावर काय होणार ते माहीत असायचं. या खुर्चीत काय होणार तेही माहीत असायचं. तरी दर खेपेला मलाही क्षणभर वाटायचं की आता आवाज येईल: अगं आई, मी इथे आहे.

अण्णा कधी आले नाहीत. "मेलेल्या पोराला तिकीट काढून बघायला जायचं?" असं ते मला म्हणाले, आईला नाही. मी काय करणार? तिसरा भाग शहरात जिथे जिथे लागला तिथे तिथे मी तिला नेलं. जुन्या गावातल्या पेटेत, कँटोन्मेंटात, एकदा येलहंक्याच्या तंबूतल्या टॉकीजमध्येसुद्धा. त्या तंबूत बसल्यावर माझ्या पायाखालची जमीन हादरल्यासारखी झाली. तो ज्या मैदानात खरोखर पडला होता ते तिथून जवळच होतं. आईला मी ते सांगितलं नाही.

मग चौथा आला, ज्याच्यासाठी ही आजची मुलं जीव टाकतात. खरं सांगायचं तर तो उत्तमच आहे. रंगीत होता, नवा दिग्दर्शक होता, हिरोने घाम गाळून पोट उतरवलं होतं. शेवटची लढत बघताना मीसुद्धा खुर्चीच्या कडेवर आले होते. पण रंगीत सिनेमात काळापांढरा तुकडा कसा चालणार? या भागात हिरोला पश्चात्ताप व्हायचा तो संवादातून. दिसत काही नव्हतं. दिवे लागले, लोक टाळ्या वाजवत उठले, आणि आई बसूनच राहिली.

"कुठे होता?" तिने विचारलं.

"नव्हता, आई. या वेळी घेतला नाही."

तिचा विश्वास बसेना. तिने दारावरच्या माणसाला कानडीत विचारलं, मधलं काही कापलंय का, एखादं रीळ राहिलंय का. तो म्हणाला, पूर्ण दाखवलं अम्मा, एवढं छान पिक्चर. घरी येताना ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. जयनगर आल्यावर म्हणाली, "आता तिथूनही गेला."

त्यानंतरचे दिवस अजून आठवायला नको वाटतात. ती आजारी नव्हती, पण घरात असल्यासारखी नव्हतीच. शुक्रवारी दिवा लावायची, पण आता देवळातून निघायचं नाव काढायची नाही. लिंबाच्या साली विझून काळ्या होईपर्यंत समोर बसायची. एकदा पुजाऱ्याने अण्णांना निरोप पाठवला, बाईंना घेऊन जा. अण्णा जाऊन तिला घेऊन आले. दोघांना फाटकातून आत येताना मी पाहिलं, आणि मला वाटलं, एक तर दरडीखाली गेलाच, ही त्याच्या मागोमाग चाललीय, आणि आपण दोघं तिला नुसतं बघतोय.

चौथा भाग तुफान चालला. आणि देव एका हाताने देतो नि दुसऱ्याने काढून घेतो म्हणतात, तसं त्या कंपनीचं झालं. यशाने सगळ्यांची डोकी फिरली, भांडणं झाली, दिग्दर्शक सोडून गेला, हिरोईन सोडून गेली. साठीचं दशक सरत आलं होतं, तेव्हा पाचवा भाग लागला. शाळेत आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक बाई सांगत होत्या, "काल बघून आलो. डोकं उठलं नुसतं! रंगीतसुद्धा नाही. तो म्हातारा होऊन आरामखुर्चीत बसतो आणि जुन्या लढती आठवतो. जुनेच तुकडे सगळे! अगदी रद्दी."

मी त्या दिवशी शाळेतून जवळजवळ पळत घरी आले. चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून म्हटलं, "आई, पाचवा लागलाय. अगदी रद्दी आहे म्हणतात! जुनेच तुकडे सगळे!"

आईने हातातली विळी आडवी केली. उठली, तोंड धुतलं आणि लुगडं बदलायला आत गेली. कितीतरी महिन्यांनी ती एवढ्या लगबगीने उठलेली मी पाहत होते.

दुपारचा खेळ. थिएटरात माणसं इकडे चार तिकडे चार. आईच्या डावीकडची खुर्ची रिकामी होती. सिनेमा ऐकला होता त्याहूनही वाईट निघाला. आरामखुर्चीतला हिरो एकटाच बडबडत होता आणि त्याच्या बडबडीवर जुन्या लढती कशाही लावलेल्या. एका लढतीत पंच मध्येच बदलत होता. आई न कंटाळता बघत होती. मग ती लढत आली. आम्हाला तिचा ठोसा न् ठोसा पाठ होता. हिरोचा हात लांब आला. भाऊ कोसळला. आकडे सुरू झाले. आईची मान डावीकडे वळू लागली.

दर वेळी इथे तुकडा कापलेला असायचा. इथे हिरोचा चेहरा यायचा. आज हिरोचं बोलणं संपत नव्हतं. त्याच्या आईविषयी, देवाविषयी, नशिबाविषयी तो बोलतच होता, आणि ते बोलणं पुरवायला कुणीतरी आळशी माणसाने तो तुकडा होता तेवढा सगळा लावून दिला होता.

मी आईचं मनगट धरलं. "आई, बघ. समोर बघ."

पडलेला मुलगा कोपरावर रेलला. बसला. दोरीला धरून उभा राहिला. चड्डीवरची धूळ झटकली. पुढच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली आणि ओरडलं, "सत्तोनु एद्द!" मेलेला उठला! लोक हसायला लागले. त्याने तोंडातलं रबर काढलं आणि सरळ आमच्याकडे बघितलं. आमच्याकडेच, कारण मी तेव्हा कॅमेऱ्याच्या शेजारी उभी होते आणि आता आईच्या शेजारी बसले होते. फुटक्या ओठांनी हसला. ओठ हलले. आवाज नव्हता. आवाज त्या आरामखुर्चीतल्या म्हाताऱ्याचा होता. आणि मग पडद्यावर दुसरंच काही आलं.

"उठला," आई म्हणाली.

"हो."

"उठला गं." मग ती माझ्याकडे वळली. डावीकडे नव्हे, माझ्याकडे. "काहीतरी बोलला तो. तुला बोलला ना? काय म्हणाला?"

इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांना नाही, कुणालाच नाही. सांगू नको म्हणाला होता, आणि त्याचं माझ्याजवळ राहिलेलं तेवढंच एक होतं. पण ती विचारत होती, आणि तिला आता खोटं सांगणं मला शक्य नव्हतं.

"म्हणाला, आईला सांगू नको गं."

पडद्यावरच्या उजेडात तिचा चेहरा मला नीट दिसत होता. आधी तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि मला वाटलं आता रडणार. ती हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत हसली, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलंही नाही.

"मग सांगितलंस कशाला?" ती म्हणाली.

मीही रडत होते. आम्ही सिनेमा संपेपर्यंत थांबलो नाही. तो कसा संपतो ते मला आजही माहीत नाही, आणि त्या मुलांना विचारायचीही इच्छा नाही. बाहेर लख्ख ऊन होतं. बसच्या थांब्यावर आईने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "घरात शुक्रवारसाठी आणलेली लिंबं आहेत. उद्या लोणचं घालू या. अण्णांना चित्रान्नाचा कंटाळा आलाय."